काट्यावर ईआरपी सेशन लॉक होतंय, रात्रीच्या पाळीत गाड्यांची रांग लागते, आणि आता एकाच नंबरच्या दोन पावत्या निघाल्यात

काटा_आयटी_सांगली
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात आयटी बघतो, मी आणि हाताखाली एक ट्रेनी पोरगा, बास. गाळप चालू होऊन महिना झाला आणि गेले पंधरा दिवस वजनकाट्यावरच्या ईआरपीनं, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशोब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, झोप उडवलीय. चार काटे आहेत, दोन भरल्या गाड्यांचे आणि दोन रिकाम्या गाड्यांचे. भरल्या काट्यावर गाडीला टोकन मिळतं, मग गाडी गव्हाणीवर, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात तिथं, खाली होऊन रिकाम्या काट्यावर येते, तिथं रिकामं वजन वजा होऊन फायनल पावती छापते. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१४ आहे, काट्यावरचे पीसी थेट सर्व्हरला जोडलेले.

होतं काय, बहुतेक वेळा तिसऱ्या पाळीत म्हणजे रात्री ८ ते पहाटे ४ मध्ये, एका रिकाम्या काट्याचं काम थांबतं आणि मिनिटाभरात बाकीच्या तिन्ही काट्यांवर नुसतं प्लीज वेट फिरत बसतं. काटा क्लार्क वाट बघून बघून पीसीचं बटण दाबून बंद करतो. परत चालू केला की लॉगिनला यूजर ऑलरेडी लॉग्ड इन. मग तो शेजारच्या काट्याचा आयडी टाकून बघतो, पासवर्ड चुकतो, तो आयडी पण लॉक होतो, आणि मला रात्री २ ला फोन येतो. मी घरनं रिमोटनं सर्व्हरला जातो, लॉगिन टेबलातली त्या यूजरची ओळ डिलीट करतो, तरी नाही हललं तर एसक्यूएलची सर्व्हिस रिस्टार्ट मारतो. दहा मिनिटांत सगळं चालू होतं. तोवर केनयार्डपासून, म्हणजे ऊसगाड्या थांबायच्या जागेपासून, रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर लागलेले असतात आणि ड्रायव्हर लोक काट्याच्या खिडकीत आरडाओरडा करत असतात, त्यांचं पण बरोबर आहे, खेप चुकते त्यांची.

इथपर्यंत मी ओढत होतो. पण परवा एक शेतकरी शेतकी ऑफिसला पावती घेऊन आले, १८ टन २४० किलोची, त्यांच्या खात्यावर ती खेपच दिसत नाही. पावती नंबर टाकून बघितला तर त्या नंबरवर दुसऱ्याच गावाची, दुसऱ्याच वाहनाची खेप! पावती खरी आहे, आमच्याच कागदावर, आमच्याच प्रिंटरची, क्लार्कची सही आहे. त्यांनी पावती टेबलावर ठेवली आणि फक्त एवढंच विचारलं की माझा ऊस गेला कुठं. मला उत्तर देता आलं नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला तर सर्व्हरची रॅम वाढवा म्हणतात. ६४ जीबी आहे, अजून किती वाढवू. कुणाला असा अनुभव असेल तर सांगा, लय मोठा विषय झालाय आता.

पाळी_नंबर_तीन
आमच्याकडं पण होतं असंच. आम्ही रोज रात्री १२ ला सर्व्हिस रिस्टार्टचा टास्कच लावून टाकलाय शेड्युलरला, दोन मिनिटं काटा थांबतो पण पुढं रात्रभर त्रास नाही. तुम्ही पण लावा.

मिरज_डीबीए
काटा_आयटी दादा, वरचा सल्ला कृपा करून घेऊ नका. उलट मला वाटतं तुमच्या दोन पावत्या ह्याच रिस्टार्टमधून आल्यात. का ते सांगते, जरा लांब होईल.

पहिलं म्हणजे लॉक हा एकच शब्द तुम्ही तीन वेगळ्या गोष्टींना वापरताय. चुकीच्या पासवर्डनं आयडी बंद होणं हा सिक्युरिटीचा लॉक, तो ॲडमिननं उघडायचा, त्याचा वजनाशी काही संबंध नाही. यूजर ऑलरेडी लॉग्ड इन हा ईआरपीनं स्वतःच्या टेबलात मारून ठेवलेला शिक्का आहे, माणूस लॉगआऊट न करता गेला, पीसी बंद पडला की तो शिक्का तसाच राहतो, तो काढला तरी डेटाला धक्का लागत नाही, फक्त तो माणूस खरंच दुसरीकडं बसलेला नाही ना एवढं बघायचं. आणि चारही काटे एकदम थांबणं, हा डेटाबेसचा लॉक. खरं दुखणं हे आहे, बाकी दोन त्याच्या मागून येतात.

डेटाबेसचा लॉक म्हणजे कुणीतरी एक ओळ बदलायला घेतलीय आणि अजून कमिट, म्हणजे कायमचं पक्कं, केलेलं नाही. त्या ओळीला हात लावायला येणारा दुसरा प्रत्येकजण थांबतो. आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉक टाइमआऊट मुळात उणे एक असतो, म्हणजे कितीही वेळ वाट बघत राहायचं, प्रोग्राममध्येच क्वेरीला वेळेची मर्यादा घातली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून तुमच्या स्क्रीनवर एरर येत नाही, नुसतं फिरत बसतं. हे डेडलॉक, म्हणजे दोघं एकमेकांसाठी अडून बसणं, नाही हे पण लक्षात घ्या. डेडलॉक झाला तर सर्व्हर स्वतः काही सेकंदांत एकाचा बळी देतो आणि १२०५ नंबरची एरर येते. तुमच्याकडं तसं काही नाही, एकजण नुसता ओळ धरून बसलाय आणि बाकीचे रांगेत.

आता पुढच्या वेळी फोन आला की काही बंद करायच्या आधी एसक्यूएल सर्व्हरचा मॅनेजमेंट स्टुडिओ उघडा आणि एसपी हू टू (sp_who2) ही कोण कोण जोडलंय ते दाखवणारी कमांड चालवा. त्यात बीएलके बाय नावाचा कॉलम असतो. ज्या सेशनपुढं, म्हणजे सर्व्हरशी जोडलेल्या कनेक्शनपुढं, तिथं नंबर दिसेल ते अडकलेलं, तो नंबर म्हणजे त्याला अडवणारा. तो नंबर धरून मागं मागं जात राहा, ज्याच्यापुढं ह्या कॉलममध्ये नंबर नाही, नुसता टिंब आहे, पण जो दुसऱ्यांना अडवतोय तो मूळ पुरुष. त्याचं होस्ट नेम म्हणजे कुठला पीसी ते लिहून घ्या, लास्ट बॅच बघा, आणि डीबीसीसी इनपुटबफरला तो नंबर देऊन त्यानं शेवटचं काय चालवलं ते बघा. माझा अंदाज आहे त्याचं स्टेटस स्लीपिंग दिसेल आणि कमांडमध्ये अवेटिंग कमांड. लोकांना वाटतं झोपलंय म्हणजे निरुपद्रवी. तसं नसतं, डीएम एक्झेक सेशन्स ह्या सेशनच्या यादीत ओपन ट्रॅन्झॅक्शन काउंट १, म्हणजे कमिट न झालेलं एक काम उघडं, दिसला तर तो झोपलाय पण कवटाळून झोपलाय.

हे सगळं टिपून, मोबाइलवर फोटो काढून, मग त्या पीसीसमोर कुणालातरी पाठवा आणि स्क्रीनवर नेमकं काय आहे ते फोनवर वाचून दाखवायला सांगा. हे मात्र नक्की करा, कारण सर्व्हरवरून तुम्हाला कोण थांबलंय ते कळेल पण तो कशासाठी थांबलाय ते काट्याच्या खोलीतच कळणार.

किल कमांड मारून सेशन तोडलं, सर्व्हिस रिस्टार्ट केली, किंवा क्लार्कनं पीसीचं बटण दाबलं, तिन्हीचा अर्थ एकच, कमिट न झालेलं सगळं परत फिरतं, ह्यालाच रोलबॅक म्हणतात. पीसीची लाइट गेली तरी सर्व्हर तासभर वाट बघत नाही, एसक्यूएल सर्व्हर साधारण ३० सेकंदांनी समोरचा जिवंत आहे का ते चाचपतो, उत्तर नाही आलं की कनेक्शन तोडून रोलबॅक. रिस्टार्टमध्ये तर एकट्या त्या काट्याचं नाही, शेतकी, स्टोअर, अकाउंट, त्या क्षणी ज्याचं ज्याचं अर्धं होतं त्या सगळ्यांचं मागं फिरतं. रोज रात्री १२ ला टास्क लावणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

बेसिस_सातारा
ताईंनी बरोब्बर सांगितलंय. मी साताऱ्यात एमआयडीसीतल्या कंपनीत सॅप बेसिसला, म्हणजे सॅप ह्या ईआरपीच्या देखभालीला आहे, आमचं सॉफ्टवेअर वेगळं पण रोग तोच, म्हणून आमच्याकडची पद्धत सांगतो, ईआरपी कुठलंही असलं तरी उपयोगी पडेल.

आमच्याकडं पण नवीन पोरं हे तीन लॉक एकात एक मिसळतात. आयडी लॉक झाला की एसयू०१ मध्ये जाऊन उघडायचा, हे आणि पुढचे कोड म्हणजे सॅपमधल्या स्क्रीनची नावं. कोण कुठं लॉगिन आहे ते एसएम०४ ला दिसतं, ॲप्लिकेशन सर्व्हर जास्त असतील तर एएल०८ ला. आणि मटेरियल किंवा ऑर्डर दुसऱ्यानं धरून ठेवलीय असा मेसेज आला की एसएम१२, तिथं लॉकची यादी असते, कुणी, कुठल्या टेबलावर, किती वाजल्यापासून. आता एसएम१२ मध्ये डिलीटचं बटण आहे, आणि ते दिसलं की हात शिवशिवतात. माझ्या पहिल्या वर्षी मी एका स्टोअरवाल्याचा लॉक असाच उडवला, तो बिचारा चहाला गेला होता, स्क्रीन उघडी होती. परत येऊन त्यानं सेव्ह केलं, तोवर दुसऱ्यानं तेच मटेरियल बदलून सेव्ह केलेलं. दुसऱ्याचा बदल पुसला गेला, आणि कुणालाच एरर आली नाही. स्टॉक जुळेना म्हणून महिनाअखेरीला तीन दिवस शोधत बसलो.

तेव्हापासून माझा नेम असा की आधी यूजरला फोन, मग एसएम०४ ला बघायचं सेशन खरंच जिवंत आहे का, मग एसएम१३ ला बघायचं त्याचं एखादं अपडेट अर्धवट लटकलंय का, कारण तसं असेल तर लॉक मुद्दाम ठेवलेला असतो, अपडेट पूर्ण होईस्तोवर. आणि तरीही काढायचं झालं तर एसएम०४ मधून सेशन बंद करायचं, लॉक आपोआप सुटतो. नुसता लॉक उडवला की सेशन जिवंत राहतं आणि त्याला पत्ताच नसतो आपल्या हातातली किल्ली गेली म्हणून.

अजून एक, तुमच्याकडं गट ऑफिसवाले रिमोट डेस्कटॉपनं येतात का? आमच्या डेपोवाल्यांची सवय होती, काम झालं की खिडकी फुलीवर दाबून बंद करायची. ते लॉगऑफ नसतं, सेशन सर्व्हरवर डिस्कनेक्टेड होऊन पडून राहतं, आतला प्रोग्राम चालूच. सर्व्हरवर क्वेरी यूजर कमांड द्या, स्टेटसला डिस्क असं दिसेल. ग्रुप पॉलिसीत डिस्कनेक्ट झालेल्या सेशनला वेळेची मर्यादा घालता येते, पण ती पण आधी सगळ्यांना सांगून घाला.

काटा_आयटी_सांगली
मंडळी सापडलं. काल रात्री १:२० ला फोन आला, मी आधीच ट्रेनीला सांगून ठेवलं होतं की कुणी बटण दाबायचं नाही, मी सांगेपर्यंत. एसपी हू टू चालवलं, तीन सेशन अडकलेली, तिघांपुढं एकच नंबर ७३. ७३ चं होस्ट नेम रिकामा काटा २. ताई तुम्ही म्हणाला तसंच, स्लीपिंग, अवेटिंग कमांड, ओपन ट्रॅन्झॅक्शन १. शेवटची हालचाल सोळा मिनिटांपूर्वीची. इनपुटबफरमध्ये नंबर नावाच्या टेबलाचं अपडेट. त्या टेबलात एकच ओळ आहे, त्यात पुढचा टोकन नंबर आणि पुढचा पावती नंबर. म्हणजे चारही काटे त्याच एका ओळीवर येतात.

पोराला रिकामा काटा २ वर पळवलं. स्क्रीनवर पुढं कॅल्क्युलेटरची खिडकी, ती बाजूला केली तर मागं ईआरपीचा छोटा बॉक्स, पावती नीट छापली का, यस, नो. पावती छापून झालेली होती, ड्रायव्हर ती घेऊन निघूनही गेला होता. क्लार्कला मध्येच प्रिंटरचा कागद संपत आला म्हणून नवीन गठ्ठा आणायला जावं लागलं, येताना दुसऱ्या गाडीवाल्याशी वजनावरनं बोलाचाली झाली, बॉक्स मागं राहिला. पोरानं यस दाबलं, आणि फोनवरच मला ऐकू आलं, शेजारच्या काट्याचा प्रिंटर खडखड करत चालू झाला. काही किल नाही, काही रिस्टार्ट नाही. अक्षरशः एक बटण.

आता मला सांगा, तो बॉक्स तसा असताना मी आधी रिस्टार्ट मारत होतो तेव्हा नक्की काय होत होतं? मला अंदाज आलाय पण तुमच्याकडून ऐकायचंय.

मिरज_डीबीए
अंदाज बरोबरच असणार तुमचा. प्रोग्राम असा लिहिलाय, ट्रॅन्झॅक्शन उघडायचं, नंबर टेबलातला पावती नंबर एकानं वाढवायचा, रिकामं वजन लिहायचं, कागद छापायचा, माणसाला विचारायचं नीट छापला का, यस आलं की कमिट. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता, कागद फाटला तर नंबर वाया जाऊ नये. पण माणसाच्या उत्तरासाठी ट्रॅन्झॅक्शन उघडं ठेवायचं नसतं, माणूस कधी येईल सांगता येत नाही.

मग तुम्ही रिस्टार्ट मारला की वजन पुसलं, वाढलेला नंबर एकानं परत खाली आला, पण कागद तर ड्रायव्हरच्या खिशात गेलेला. पुढची गाडी आली, तिला तोच नंबर मिळाला. त्या शेतकऱ्यांची पावती शंभर टक्के खरी आहे दादा, त्यांना आधी तसं सांगा.

आणि ऊस हरवलेला नाही. भरल्या काट्याचं टोकन वेगळं कमिट झालंय, ते डेटात आहेच. ज्या टोकनला भरलेलं वजन आहे पण रिकामं वजन नाही अशी यादी काढा, यार्डात आत्ता उभ्या असलेल्या गाड्या वगळायला कालपर्यंतचीच घ्या. त्या यादीत तुमच्या सगळ्या हरवलेल्या खेपा असतील. काट्यावर पावतीची कार्बन कॉपी राहते ना, तिच्याशी जुळवा.

कायमचा इलाज म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांना सांगा, आधी सेव्ह आणि कमिट, मग छपाई, कागद फाटला तर त्याच नंबरची दुबार प्रत असा शिक्का मारून परत छापायची सोय. ते कदाचित म्हणतील सिक्वेन्स, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरचा स्वतःचा नंबर देणारा, वापरू. सिक्वेन्सनं रांग लागणार नाही हे खरं, पण त्याचा नंबर रोलबॅक झाला तरी परत येत नाही, मध्ये खाडे पडतात, आणि ऑडिटवाले सलग नंबर मागतात. म्हणून टेबल राहू द्या, फक्त लॉक क्षणभरच धरला जाईल असं करा. रॅमचा ह्यात काही संबंध नाही. आणि कुणी क्वेरीत नोलॉक, म्हणजे लॉक न बघता वाच, असं टाका म्हटलं तर ऐकू नका, त्यानं कमिट न झालेलं वजन वाचलं जातं, वजनाच्या कामात ते चालत नाही.

ऊसबिल_विभाग
मध्येच बोलतो, मी शेजारच्या जिल्ह्यात कारखान्यात बिलाला आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, म्हणून आमचं बिल पंधरवड्याला निघतं. आमच्याकडं बिल प्रोसेस लावली की त्या वेळात काटा अडकतो, बॉक्स वगैरे काही नसताना. काटावाले आमच्यावर चिडतात आणि आम्ही आयटीवर. हे पण तेच का?

मिरज_डीबीए
लॉक तोच, कारण वेगळं. बिल प्रोसेस एका झटक्यात हजारो खेपांवर बिल नंबर टाकते. एका स्टेटमेंटनं एका टेबलावर साधारण ५००० लॉक घेतले की एसक्यूएल सर्व्हर ओळी-ओळींचे लॉक सोडून आख्ख्या टेबलावर एकच लॉक घ्यायला बघतो, तो मिळाला की त्या टेबलात नवीन वजन लिहायला कुणालाच जागा नाही. गटवार किंवा हजार-हजार खेपांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला कमिट करा. आणि नुसते रिपोर्ट बघणारे अडकत असतील तर रीड कमिटेड स्नॅपशॉट म्हणून सेटिंग आहे, त्यानं वाचणारा लिहिणाऱ्यासाठी थांबत नाही, जुनी कमिट झालेली प्रत वाचतो. पण ते लावताना डेटाबेसवर दुसरं कुणी चालत नाही आणि टेम्पडीबी ह्या सर्व्हरच्या तात्पुरत्या डेटाबेसवर भार वाढतो, म्हणून हंगाम संपल्यावर, चाचणी घेऊन.

काटा_आयटी_सांगली
उशिरा लिहितोय, आठ दिवस झाले. यादी काढली, सात टोकन निघाले रिकाम्या वजनाशिवायचे. सहाच्या कार्बन कॉपी काट्याच्या कपाटात सापडल्या. सातवी सापडत नव्हती, शेवटी वाहतूकदाराकडं गेलो तर त्यांच्या वहीत मूळ पावती टाचणी लावून ठेवलेली होती, खालच्या कोपऱ्यावर ग्रीसचा डाग पण नंबर स्वच्छ. सातही खेपा शेती अधिकारी आणि काटा क्लार्क दोघांच्या सह्या घेऊन नवीन नंबरनं चढवल्या, जुना नंबर शेऱ्यात लिहिला. १८ टन २४० वाले जे होते त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन सांगून आलो, त्यांचं बिल ह्याच पंधरवड्यात धरलंय.

सॉफ्टवेअरवाल्यांना ७३ नंबरचा फोटो आणि बॉक्सचा फोटो दोन्ही पाठवले, तेव्हा रॅमचा विषय बंद झाला आणि चौथ्या दिवशी बदललेला प्रोग्राम आला. प्रत्येक क्लार्कला स्वतःचा आयडी दिला, एकाचा एकानंच वापरायचा. लॉगिनच्या शिक्क्यासाठी पण त्यांनी आता दर मिनिटाला वेळ नोंदवायची सोय केलीय, पाच मिनिटं नोंद आली नाही की शिक्का आपोआप निघतो. गट ऑफिसच्या रिमोट सेशनांचं बेसिसवाल्या सरांनी सांगितलं तसं बघितलं, नऊ डिस्कनेक्टेड पडलेली होती, सगळ्यांना फोन करून एक एक बंद केली.

काल तिसऱ्या पाळीत रिकामा काटा २ वर परत कागद संपला, बॉक्स तसाच उघडा राहिला वीसेक मिनिटं. शेजारच्या काट्यावर गाड्या निघत होत्या. मला फोन आला नाही, सकाळी रजिस्टर बघताना कळलं.